ठेवायची की विकायची? घरातल्या कार्बन गिटारचा प्रश्न



*या आठवड्याचा कुटुंब पाठ.* नेहमीसारखाच रात्रीच्या जेवणानंतर एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. मोबाईल फक्त वाचणाऱ्याच्या हातात.

मागच्या महिन्यात आपण "घरात पडून असलेल्या वस्तू" हा विषय घेतला होता. शिलाई मशीन, जुना कूलर, लग्नात आलेली आणि खोकंही न फोडलेली भांडी, यांवर सगळ्यांनी भरभरून लिहिलं. त्यातूनच बेला मंडलातल्या आपल्या एका कुटुंबाचा प्रश्न आला. नाव देत नाही, प्रश्न मात्र त्यांच्या परवानगीने मांडतो आहोत.

त्यांच्या मोठ्या मुलाने हैदराबादला नोकरीत असताना कार्बन फायबरची एक प्रवासी गिटार घेतली. किंमत ६५,००० रुपये. सुट्टीला कृष्णा एक्सप्रेसने घरी येताना खांद्यावर टाकून आणता यावी म्हणून लहान आकाराची घेतली. पुढे तो परदेशी गेला, सामानाचं वजन जास्त भरलं आणि गिटार गावी राहिली. प्रवासासाठी घेतलेली वस्तू खऱ्या प्रवासाला गेलीच नाही. याला आता तीन वर्षं झाली. घरात धाकटी मुलगी इंटर दुसऱ्या वर्षाला आहे. दसऱ्यानंतर तिला आदिलाबादला हॉस्टेलवर ठेवून ईएपीसेटची तयारी करवून घ्यायची आहे, त्याचे ३०,००० रुपये भरायचे आहेत. आणि नेमक्या याच वेळी हैदराबादच्या एका मुलाने गिटारला ३२,००० देऊ केले आहेत.

वडील म्हणतात, पासष्टची वस्तू बत्तीसला कशी द्यायची? आई म्हणते, पोराची आठवण आहे, राहू द्या. मुलगा फोनवर म्हणतो, विकून टाका, मी इकडे दुसरी घेतली. चार माणसांच्या घरातल्या तिघांचं म्हणणं निरोपात होतं. चौथीचं नव्हतं. म्हणून आम्ही उलट विचारलं, सध्या ही गिटार वाजवतं कोण? उत्तर आलं: "मुलगीच वाजवते, संध्याकाळी."

तिच्याकडे आपण येऊच. आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण घरातल्या बऱ्याच जणांना ती प्लास्टिकची वाटते.

कार्बन फायबर म्हणजे कार्बनचे केसाहूनही बारीक धागे. आपल्या कापसाच्या जिल्ह्याला ऐकून गंमत वाटेल, पण एडिसनने १८७९ साली विजेच्या दिव्यात जी तार यशस्वी करून दाखवली, ती कापसाच्या दोऱ्याचा कोळसा करून बनवलेली होती. नंतर त्याने बांबू वापरला. आजचे मजबूत धागे कापसापासून होत नाहीत. पॉलीॲक्रिलोनायट्राइल नावाचा कृत्रिम धागा घेऊन त्याला आधी टप्प्याटप्प्याने भाजतात, मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवतात. बाकी सगळं उडून जातं, कार्बन उरतो. त्या धाग्यांचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवलं की हलकं आणि फार कडक कवच तयार होतं. विमानाचे भाग, शर्यतीच्या सायकली याच्याच असतात.

गिटारीला हे कशासाठी? हवेसाठी. हवाई बेटांवर जॉन डेकर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने कार्बन गिटारींची रेनसाँग कंपनी काढली ती याच कारणाने, तिथल्या पावसात आणि उन्हात लाकडी गिटारीचे हाल होतात म्हणून. आपल्याला हवाईला जायची गरज नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि डिसेंबरात पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. लाकूड हे सगळं सोसतं, पण हलतं. ओल पिऊन फुगतं, गिटारीचं पोट वर येतं, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि बोटं दुखायला लागतात. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसतं. मानेच्या कडेला पडद्यांची टोकं बाहेर येऊन टोचतात आणि कधी पोटाला सरळ तडा जातो. लाकडी गिटार बनवणारे तिच्याभोवती साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवायला सांगतात. पत्र्याच्या घरात हे कुणाला जमणार? आपल्या पखवाजाचं आपण बघतोच की, पावसात कातडं सैल पडतं आणि वादक हातोडी घेऊन बसतो. पेटीचा भाताही पावसाळा ओळखतो.

कार्बनला ओल लागत नाही. त्यामुळे तीन वर्षं बॅगेत राहूनही या घरातली गिटार सरळ आहे, तडा नाही. गंजल्या त्या फक्त तारा, आणि तारा बदलायला थोडेच पैसे लागतात. उष्णतेचं मात्र लक्षात ठेवावं. उन्हात बंद गाडीत ती ठेवू नये, कारण रेझिन आणि डिंक दोन्ही तापून सैल पडतात. जोराने आपटली तर लाकडासारखी चिंबत नाही, एकदम फुटते, आणि ती दुरुस्त करणारा कारागीर जवळपास शोधून सापडत नाही.

इथे एक सावधगिरी. "कार्बन" या नावाने दोन प्रकारचा माल मिळतो. एक, धाग्यांच्या कापडाचा खरा कार्बन. दुसरा, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये थोडा कार्बन मिसळून साच्यात ओतलेला. दुसरा वाईट नाही, हवेला तोही टिकतो, पण किमतीत फार फरक आहे. वरची काळी चौकटीची नक्षी बघून फसू नये, ती छापताही येते. बिल आणि मॉडेलचं नाव बघावं. या कुटुंबाकडे बिल होतं, माल खरा आहे.

आता ठेवण्या-विकण्याकडे येतो. आम्हाला या प्रश्नात सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट ही वाटली: ही वस्तू खराबच होत नाही. लाकडी गिटार असती तर दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकली असती, आणि घराला निर्णय घ्यावा लागला असता, दुरुस्त करायची, द्यायची की टाकायची. शेतमाल तर आपल्याला बसूच देत नाही. भाव येईल म्हणून कापूस घरात भरला की महिन्या-दोन महिन्यांत अंगाला खाज सुटते, पोरं झोपत नाहीत, वजन घटतं, आणि शेवटी गाडी भरावीच लागते. या गिटारीने तीन वर्षांत कुणाला कसलाच त्रास दिला नाही. म्हणून तीन वर्षं कुणी विषयच काढला नाही. तिघांची तीन मतं होती आणि तिन्ही सुखाने नांदत होती. हॉस्टेलची फी आली तेव्हा बोलणं सुरू झालं.

आणि ती बिघडत नसली तरी तिची किंमत थांबलेली नाही. सोनं पडून राहिलं तरी चालतं, त्याचा भाव बहुतेक वेळा वरच जातो. उत्तम लाकडाच्या काही जुन्या गिटारींनाही वय झालं की मान मिळतो, लोक म्हणतात आवाज मुरला. कार्बनच्या गिटारीला अजून तसा बाजार नाही. नवीन मॉडेल आलं की जुन्याचा भाव खाली येतो. तेव्हा वडिलांचं "पासष्टची बत्तीसला कशी द्यायची" हे म्हणणं समजण्यासारखं असलं तरी हिशोबात बसत नाही. पासष्ट तीन वर्षांपूर्वी गेले. आज घरात आहे ती बत्तीसची वस्तू. विचारायचं ते असं: आज हातात रोख बत्तीस हजार असते, तर आपण बाजारात जाऊन हीच गिटार घेतली असती का? घेतली असती, तर ठेवा. नसती घेतली, तर ठेवण्याचं कारण दुसरं काही असलं पाहिजे.

आईचं कारण दुसरं आहे, आणि ते आम्ही हलकं मानत नाही. पण ज्या मुलाची आठवण, तो स्वतः म्हणतो विका. त्याच्या आठवणीला त्याची शाळेची बॅग, त्याचं हस्ताक्षर, दहा वस्तू घरात आहेत. आईला आम्ही एवढंच विचारलं, गिटार बॅगेत असताना त्याची आठवण येते की धाकटी वाजवते तेव्हा? त्यांनी उत्तर दिलं नाही, हसल्या फक्त, असं मुलीने कळवलं.

मुलीला आम्ही स्वतंत्र विचारलं. तिचा निरोप छोटा होता. रोज वाजवत नाही, परीक्षा असली की आठ-आठ दिवस बॅग उघडत नाही. गुरुवारच्या भजनाला वाजवते. आणि शेवटी लिहिलं होतं, "विकणार असाल तर आधी सांगा, बॅगेच्या कप्प्यात माझे कागद आहेत." कागद म्हणजे काय विचारलं, तर निघालं की गावातल्या भजनात कोण कोणत्या पट्टीत गातं, त्याला कोणता आकार धरायचा आणि कॅपो कुठे लावायचा, याचे तिने दीड वर्षं लिहून ठेवलेले कागद.

ते कागद मागवून आम्ही पाहिले. बाकीच्या घरांतल्या मुलांनाही उपयोगी पडतील म्हणून त्यातला भाग देतो. सी चा आकार धरून कॅपो पहिल्या पडद्यावर लावला की काळी एक. तिसऱ्यावर नेला की काळी दोन. डी चा आकार आणि कॅपो चौथ्यावर, काळी तीन. जी चा आकार आणि पहिला पडदा म्हणजे काळी चार, ए चा आकार आणि पहिला पडदा म्हणजे काळी पाच. गावातल्या बायका बहुधा काळी चार-पाचला गातात, म्हणून जी आणि ए हे दोन आकार पक्के केले की निम्मं भजन निघतं. एकट्याने नाम घ्यायचं असेल तर ती तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावते आणि डी ला सा धरून तानपुऱ्यासारखी नुसती छेडते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिने मोबाईलवर बघून आणि पेटीवाल्या काकांना विचारून जमवलं आहे.

अभ्यास मंडळात यावर एका ज्येष्ठांनी शंका काढली की भजनात गिटार कशाला, ते आपलं वाद्य नव्हे. शंका प्रामाणिक आहे. पण पेटी तरी आपली कुठे होती? ती युरोपातून आली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि १९७१ पर्यंत ती उठली नव्हती. तेवढ्या काळात खेड्यापाड्यातलं एकही भजन पेटीवाचून थांबलं नाही. गिटारीचे पडदेही पेटीच्या पट्ट्यांसारखेच बांधलेले स्वर देतात, तेव्हा दोष असला तर दोघींचा सारखाच. आणि प्रवासाचं वाद्य ही कल्पना तर आपल्याकडे जुनीच आहे. टाळ, चिपळ्या, एकतारी चालणाऱ्या माणसासाठीच आहेत. तुकडोजी महाराज गावोगाव फिरले ते खंजिरी घेऊन. आपल्याच जिल्ह्यात परधान मंडळी किकरी वाजवून गोंडांच्या कुळकथा सांगत आली आहेत. त्या किकरीला बाजारात काय येईल हा प्रश्नच निघत नाही, कारण तिला काम आहे.

गिटारीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रवासी गिटार अंगाने लहान, तारांची लांबी कमी, म्हणून खर्ज कमी. आवाज स्वच्छ येतो, काहींना तो थंड वाटतो. पेटी, पखवाज आणि वीस टाळ सुरू झाले की माईकशिवाय ती कुणालाही ऐकू जाणार नाही. सप्ताहात तिचा उपयोग शून्य. घरातल्या पाच-सात माणसांत, किंवा ओट्यावर, तिची खरी जागा.

आता आमचं मत, स्पष्ट लिहितो.

फीचे तीस हजार उभे करायला जर सावकाराकडे जावं लागणार असेल, तर गिटार याच आठवड्यात विकावी. महिन्याला शेकडा तीन रुपये व्याज धरलं तरी तीस हजारांवर महिना ९०० होतात. परीक्षा होईपर्यंतच्या आठ महिन्यांत ७,२०० गेले, आणि मुद्दल तसंच. तेवढ्या पैशात प्लायवूडची साधी गिटार येते. प्लायवूडला आवाज जरा कमी, पण थर चिकटवलेले असल्याने ते अखंड लाकडापेक्षा हवेत कमी हलतं. भजनाला आणि शिकायला चालते. व्याजाने पैसे काढून महागडं वाद्य सांभाळणं आम्हाला पटत नाही, मग ते कितीही टिकाऊ असो.

पण पैसे दुसरीकडून येण्यासारखे असतील, कॉलेज दोन हप्ते करून देत असेल, सीसीआयची खरेदी सुरू झाल्यावर पहिल्या कापसातून भागणार असेल, तर गिटार ठेवावी. मात्र "दादाची गिटार" म्हणून नको. मुलीची म्हणून ठेवावी, आणि तसं दादाने फोनवर तिला स्वतः सांगावं. आज ती भावाची वस्तू उसनी वाजवते आहे. उसन्या वस्तूचे कागद बॅगेच्या कप्प्यात लपवावे लागतात. तिची झाली की तारा बदलायच्या, पुसायच्या, बॅटरी काढून ठेवायची, ही कामंही तिची.

दुसरी गोष्ट, हॉस्टेलच्या वॉर्डनला आधी विचारा की गिटार चालेल का. लहान असल्याने ती कॉटखाली मावते. चालत नसेल तर ती पुन्हा बॅगेत जाणार हे धरून चला.

तिसरी, तारीख ठरवा. वस्तू आपण होऊन तारीख आणणार नाही. परीक्षा संपल्यावरचा एखादा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तोवर गिटार ज्या दिवशी बॅगेतून निघाली त्या दिवशी टिंब करा. किती मिनिटं वाजवली ते मोजू नका. त्या दिवशी चौघांनी, म्हणजे दादाने फोनवर, टिंबं बघून बोलावं. तेव्हा किंमत बत्तीसची अठ्ठावीस झाली असेल. हे चार हजार मुलीच्या आठ महिन्यांच्या वाजवण्याचा खर्च म्हणून धरावेत. ते जास्त वाटत असतील तर आत्ताच विकावी, पण मुलीला विचारून.

ज्यांना विकायची आहे त्यांच्यासाठी थोडं. आधी स्वच्छ उजेडात कवचावरून हात फिरवून आणि बोटाने हलकं टिचकावून बघा, आवाज एका जागी बसका आला तर आत चीर असू शकते. ती असेल तर घेणाऱ्याला सांगा. बाराव्या पडद्यावर तारांची उंची दोन-अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. मान सुटी होणारी असेल तर तिचे स्क्रू आणि किल्ली शोधून ठेवा, ते नसले की घेणारा दोन-तीन हजार सहज पाडतो. कुरिअरने पाठवायची तर तारा थोड्या सैल करा आणि कडक खोक्यात भरा.

सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या वस्तूंच्या ॲपवर कुणी "मी लष्करात आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे *घेण्यासाठी* कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. आपल्या गटातल्या ज्येष्ठांनी हे वाक्य दोनदा वाचावं. शक्यतो घेणाऱ्याला घरी किंवा स्टेशनवर बोलवा, त्याला वाजवून बघू द्या, पैसे खात्यात आल्याचं बँकेच्या ॲपमध्ये बघा आणि मगच गिटार द्या. तरीही कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करावा.

बेल्याच्या घरातून परवा निरोप आला. कॉलेजने दोन हप्ते मान्य केले. दादाने फोन करून गिटार धाकटीला दिली. वॉर्डन फक्त रविवारी वाजवू देणार आहेत. वडिलांनी हैदराबादच्या मुलाला नाही कळवलं, तर त्याने आकडा पस्तीसवर नेला, आणि वडील आता पुन्हा विचारात पडले आहेत. त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही मुलीला विचारायला सांगितलं आहे.

ज्यांच्या घरी असं एखादं वाद्य, कॅमेरा किंवा सायकल पडून आहे, त्यांनी रविवारपर्यंत आपल्या गटप्रमुखांकडे चार ओळी लिहून पाठवाव्यात: वस्तू कोणाची, वापरतं कोण, शेवटची कधी वापरली. फोटो नकोत, गट भरून जातो. पुढच्या पाठात पेटीचा भाता आणि उंदीर 🙏